पलटणीचा हंगाम आणि आमची वही

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब मांडायचा आणि संध्याकाळी टेंभी नाक्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन स्वतःच्या हिशेबात डोके घालायचे, हा आमचा वीस वर्षांचा परिपाठ. रविवारी वस्तीतली कामे असतात. कुणाचे रेशनकार्ड, कुणाच्या पेन्शनचा अर्ज, कुणाच्या पोराची फी. अशा माणसाने कबड्डीवर लिहावे म्हणजे नवलच. पण एका हंगामाने आमच्या घराची झोप उडवली होती. त्याचा जमाखर्च आपल्यापुढे मांडावा असे फार दिवस मनात होते.

आमचा थोरला भाऊ काही वर्षांपूर्वी गेला. वहिनी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, आमच्याच मांडीवर वाढला. २०२३ साली तो बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. अंगाने सडपातळ, पायात वारे भरलेले. पुस्तक उघडले की डोळे मिटायचे आणि मैदानावर गेला की डोळे उघडायचे. १७ डिसेंबर २०२२ ला वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाची अंतिम लढत झाली. मित्रांबरोबर वर्गणी काढून हा ती बघायला गेला. पुणेरी पलटण जयपूरकडून २९-३३ अशी चार गुणांनी हरली. रात्री उशिरा घरी आला तो न जेवताच झोपला. तेव्हाच आम्ही ओळखायला हवे होते.

पुढच्या वर्षी ९ आणि १० ऑक्टोबरला मुंबईत दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मंडपाचे बांबू पडू लागले होते. ऑफिसातून येताना त्या बांबूंमधून वाट काढत घरी पोचलो, तर सगळे घर टीव्हीपुढे. आमची आई भिंतीला टेकून बसलेली. पडद्यावर एकाचे नाव पुकारले जात होते आणि टेबलाभोवतीची माणसे आकडे वाढवत होती.

आईने विचारले, "काय रं, माणसांचा लिलाव करत्यात व्हय?"

पुतण्या हसला. म्हणाला, "आजी, खेळाचा लिलाव आहे. माणसाचा नाही."

आईचे समाधान झाले नाही. आम्हालाही तो शब्द खटकला. आपल्या घरांत लिलाव म्हटले की बँकेने ओढून नेलेली रिक्षा आठवते, सावकाराने उचललेली भांडी आठवतात. इराणचा डावा कोपरा सांभाळणारा मोहम्मदरझा शादलू याला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले. दोनच दिवसांपूर्वी, ७ ऑक्टोबरला, हांगझोच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो भारताविरुद्ध खेळला होता. त्या सामन्यात सुवर्णपदक आपल्याला मिळाले आणि आपल्या संघात पलटणचा अस्लम इनामदार होता. आता तेच दोघे एका बनियनमध्ये दिसणार होते. त्याच लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. २०१४ साली पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली होती, ती १२ लाख ८० हजारांची. नऊ वर्षांत आकडा कुठून कुठे गेला पाहा.

टीव्ही बंद झाल्यावर पुतण्याने बॉम्ब टाकला. "काका, मी या वेळी परीक्षेचा फॉर्म भरत नाही. एक वर्ष फक्त कबड्डी. बाहेरगावी सरावाला जायचंय. पंचवीस हजार लागतील."

वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "भाऊजी, माझी भिशी पुढच्या महिन्यात लागतेय. मी देते म्हटलंय त्याला."

आमचे डोके फिरले. पोळ्या लाटून जमवलेले पैसे, आणि वर्ष पाण्यात? आम्ही नोकरी सांभाळून रात्रीच्या कॉलेजात बी. कॉम. झालो. दिव्याखाली बसून नव्हे, प्लॅटफॉर्मवर उभे राहून वाचले. ती पदवी नसती तर आम्ही आज कुठे असतो? आम्ही बरेच काही बोललो. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी आईने निकाल दिला. "हे कबड्डीचं किती दिस चालतं? तेवढं समदं बघा दोघं मिळून. मग ठरवा. तवर फॉर्म भर, पोरा. फॉर्म भरला म्हणून पाय मोडत न्हाई."

म्हणून आम्ही एक दोनशे पानी वही आणली. कारकुनाचे हत्यार तेच.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिले: बारा संघ. प्रत्येकाकडे खेळाडूंसाठी ५ कोटींची थैली. संघात कमीत कमी १८, जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे देशभरातले आणि परदेशातले मिळून फार तर ३०० जण. मैदानात एका वेळी सात. लिलावातली मूळ किंमत अ वर्गाला ३० लाख, ब ला २०, क ला १३ आणि ड ला ९ लाख. लिलावासाठी नावे होती पाचशेच्या वर. ही पाचशे माणसेसुद्धा गाळून आलेली. गावोगावच्या मंडळांत खेळणाऱ्यांची गणती कोण करणार? हे पान आम्ही पुतण्यापुढे ठेवले. त्याने वाचले आणि मुकाट्याने परत दिले. आम्हाला वाटले, पहिला गुण आपला.

२ डिसेंबरला अहमदाबादेत हंगाम सुरू झाला. बारा शहरांतून फिरत फिरत १३२ साखळी सामने, प्रत्येक संघाला २२. जिंकले तर ५ गुण, बरोबरी झाली तर ३, आणि सात किंवा कमी गुणांनी हरले तरी १ गुण पदरात. हा शेवटचा नियम आमच्या सौ.ला फार आवडला. ती म्हणाली, "हरणाऱ्यानं जोर लावला असेल तर त्यालाही काहीतरी मिळतं, हे बरं आहे." रोज रात्री आठ वाजता जेवणाची ताटे टीव्हीपुढे येऊ लागली. आईलासुद्धा लोण, बोनस, पकड सगळे कळू लागले. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली की जादा गुण मिळतो, हे कळल्यावर ती म्हणाली, "बराबर हाय. कमी माणसात घर चालवणाऱ्याला जास्तच मिळाया पायजे." वहिनींनी मान वळवून भाकरी उलटली.

पलटणचा हंगाम बघण्यासारखा होता. त्यांनी आपली बरीचशी तरुण पोरे लिलावाआधीच राखून ठेवली होती, म्हणून एका माणसावर एवढी रक्कम लावता आली. प्रशिक्षक बी. सी. रमेश. याच गृहस्थांच्या हाताखाली २०१९ साली बंगालने करंडक जिंकला होता. कर्णधार अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला. वडील लवकर गेले, आईने मजुरी करून वाढवला. २०२१ च्या आठव्या हंगामात तो नवोदित म्हणून पलटणीत आला आणि दोन वर्षांत कर्णधार झाला. त्याची हकिकत टीव्हीवर सांगितली जात असताना वहिनी हातातले काम सोडून उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात काय चालले होते ते आम्हाला दिसत होते, आणि म्हणूनच भीती वाटत होती. एक अस्लम दिसतो. त्याच्यासारखे शंभर निघाले आणि वाटेतच बसले, ते टीव्हीवर येत नाहीत.

म्हणून आम्ही वहीत एक वेगळे पान काढले. बाकावरचे खेळाडू. कोण आज उतरला, कोण बसून राहिला, कोण शेवटची तीन मिनिटे आला. पुतण्याला ते पान आम्ही रोज दाखवायचो.

दरम्यान तो एका निवड चाचणीला जाऊन आला होता, ऑक्टोबरातच. नाव लागले नाही. जानेवारीत दुसरी झाली. तिथेही नाही. संध्याकाळी त्याने फोनवर एवढेच सांगितले, "काका, नाही झालं."

खोटे कशाला बोलावे, आम्हाला बरे वाटले. आता पोरगा अभ्यासाला बसेल, भिशीचे पैसे वाचतील, घर शांत होईल. सौ.ला म्हटलेसुद्धा, "सुटलो." तिने आमच्याकडे असे पाहिले की पुढे बोलवेना.

रात्रीचे साडेदहा झाले तरी तो घरी आला नाही. फोन बंद. आम्ही चपला घातल्या. जांभळी नाका, स्टेशनचा रस्ता, सगळे पालथे घातले आणि शेवटी तलावपाळीला सापडला. मासुंदा तलावाच्या कठड्यावर एकटाच बसला होता. आम्ही शेजारी बसलो. काय बोलावे सुचेना, म्हणून कबड्डीचेच काढले.

"दोन चढाया रिकाम्या गेल्या म्हणायच्या," आम्ही म्हणालो.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "काका, एक विचारू? मी हरलो की तुम्हाला बरं वाटतं ना?"

आम्ही गप्प.

"तुमची वही मी रोज बघतो. बाकावरच्यांची नावं तुम्ही लिहिता. ते रोज सकाळी उठून सराव करतात, उद्या उतरायला मिळेल म्हणून तयार राहतात, ते कुठं लिहिलंय? मला त्या बाकावर बसायला मिळालं तरी चालेल. तुम्ही तेच पान मला भीती घालायला दाखवता."

त्या थंडीत आमच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाहेर आम्ही समाजाची कामे करतो म्हणून लोक मान देतात, पोरांना पुढे जा म्हणून भाषणे ठोकतो. आणि घरातल्या पोराच्या पडण्याची वाट बघत होतो.

मग जे आम्ही कधी कुणाला सांगितले नव्हते ते त्याला सांगितले. आम्हीही खेळायचो. लाल मातीत, अनवाणी, उजवा कोपरा. १९९८ साली जिल्ह्याच्या निवडीला आमचे नाव गेले होते. त्याच सकाळी टंकलेखनाची परीक्षा होती. वडील म्हणाले, परीक्षा. आम्ही परीक्षेला गेलो. नोकरी लागली, ती त्या टंकलेखनाच्या प्रमाणपत्रामुळेच. त्याचे वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी मैदानात गेलो असतो तर काय झाले असते, हे अजूनही कधीकधी लोकलमध्ये उभे असताना मनात येते. कदाचित नाव लागलेच नसते. पण मग ते आमचे आम्हाला कळले असते.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग आपण असं करू. तिसरी चढाई मी करणारच. पण एप्रिलची परीक्षा देऊन."

कबड्डीत नियमच आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. पण बाद झालेला कायमचा जात नाही. आपल्या गड्यांनी गुण आणला की पुन्हा आत येतो. आम्ही त्याला म्हटले, "पंचवीस हजारांतले निम्मे आम्ही देऊ. वहिनींच्या भिशीला सगळा भार नको." त्या रात्री तलावपाळीवर दोघांनी शेंगदाणे खाल्ले आणि घरी आलो. वहिनी दारातच होत्या.

नंतरचा हंगाम आम्ही वेगळ्या नजरेने पाहिला. वहीतले बाकाचे पान बंद केले नाही, पण त्यात आणखी एक रकाना घातला: संधी मिळाल्यावर काय केले. साखळी संपली तेव्हा पलटणचे १७ विजय, ३ बरोबऱ्या आणि फक्त २ पराभव झाले होते. ९६ गुण, पहिला नंबर. हिशेब करून पाहा, दोन्ही पराभवांतसुद्धा त्यांनी एकेक गुण पदरात पाडून घेतला होता. जयपूर ९२ गुणांवर दुसरे. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत, तिसऱ्या ते सहाव्यांना आधी एक बाद सामना. आपल्या मुंबईचा यू मुंबा, ज्याने पहिल्या तीन हंगामांत तीनदा अंतिम फेरी गाठून २०१५ ला करंडक उचलला होता, तो या वेळी बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. आमच्या चाळीत मुंबईवालेही पुष्कळ. त्यांनी मग पलटणीलाच आपले म्हटले.

२८ फेब्रुवारी २०२४ ला हैदराबादेत उपांत्य सामना झाला. पलटणने पाटण्याला ३७-२१ असे लोळवले. शादलू त्याआधी पाटण्याकडूनच खेळलेला. १ मार्चला शुक्रवार होता. आम्ही ऑफिसातून नेहमीची लोकल सोडून आधीची पकडली. हरियाणा स्टीलर्सविरुद्ध अंतिम सामना. पलटणकडे भारीभारी नावे, पण त्या रात्री घर डोक्यावर घेतले ते आपल्या पंकज मोहितेने. पूर्वार्धात एकाच चढाईत त्याने चार गडी टिपले आणि मध्यंतराला १३-१० अशी आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात पलटणने लोण चढवला. हरियाणाने शेवटपर्यंत सोडले नाही. त्यांच्याकडूनही आपल्या कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई खेळत होता, त्यामुळे आईला कुणाच्या बाजूने बसावे कळेना. शेवट २८-२५. पलटण पहिल्यांदाच विजेती झाली. ३ कोटींचे बक्षीस, हरणाऱ्याला १ कोटी ८० लाख. अस्लम हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, शादलू सर्वोत्तम बचावपटू.

चाळीत फटाके वाजले. त्या गोंधळात आई पुतण्याला जवळ बोलावून म्हणाली, "तुझा आजा रोज सकाळी नाक्यावर कामाला हुबा राहायचा. मुकादम यायचा, दंड दाबून बघायचा आन् म्हणायचा, तू चल, तू नको. किती देणार ते संध्याकाळी कळायचं. ह्या पोरांची किंमत आधी लिवलेली असती, त्याच्या खाली कुणी मागत न्हाई. म्हंजे हा लिलाव त्या नाक्यापरीस बरा. पर पोरा, शादलू असो न्हाईतर कुणी, अंगात जोर हाय तवरच बोली. पुढचं बी बघ."

आमच्या वहीच्या दोनशे पानांत जे आले नाही ते आईने चार वाक्यांत सांगितले.

पुढे काय झाले ते सांगतो. एप्रिलची परीक्षा झाली. पुतण्या दुसऱ्या वर्गात पास झाला. मे महिन्यात तिसऱ्या निवड चाचणीला गेला. दुसऱ्या दिवसाच्या यादीत नाव आले, शेवटच्या यादीत नाही. घरी आला, आंघोळ केली, जेवला आणि म्हणाला, "मी केली काका चढाई." त्या वेळी आम्हाला बरे वाटले नाही. घास घशाखाली उतरेना. पण त्याच्या चेहऱ्यावर तलावपाळीचा अंधार नव्हता. आज तो वागळे इस्टेटमध्ये हिशेबाच्या कामाला आहे. पहाटे मैदानावर जातो, मंडळाकडून खेळतो आणि रविवारी स्थानिक सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलावर बसतो. आता पंचांच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. या अभ्यासाला मात्र डोळे मिटत नाहीत! खेळात सात गड्यांशिवाय पंच लागतो, गुणलेखक लागतो, प्रशिक्षक लागतो, हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

आणि ज्यांचे पुरे झाले असे आम्हाला वाटले होते, त्यांचेही ऐका. पुढच्याच, अकराव्या हंगामात पलटण बाद फेरीलाही मुकली. शादलू लिलावात २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणानेच करंडक नेला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती, आणि दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. एका हंगामाचा राजा दुसऱ्या हंगामात दारात उभा असतो. मग आमच्या घरातल्या तीन चढायांचे काय घेऊन बसलात?

त्या रात्री सामना संपल्यावर आमची मुलगी, नववीत आहे, विचारू लागली, "बाबा, मुलींचा लिलाव कधी असतो?" आम्ही सांगितले, २०१६ साली बायकांची तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली होती, पुरुषांसारखी मोठी लीग अजून नाही. ती म्हणाली, "मग तोपर्यंत मैदानावर जाऊ का दादाबरोबर?"

जुनी वही आम्ही कपाटातून काढली. शेवटची काही पाने कोरी होती. त्यातल्या पहिल्यावर तिचे नाव लिहिले, खाली शाळेची वेळ आणि सरावाची वेळ.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात पैसा मोजून येतो, म्हणून आपण पोरांच्या उड्याही मोजतो. मोजावेच लागते. पण मोजता मोजता पोरगे पडावे असे वाटू लागले, तर समजा की हिशेब चुकला. फॉर्म भरायला लावा आणि मैदानावरही जाऊ द्या. आमच्या आईने सांगितले तेच खरे. फॉर्म भरला म्हणून पाय मोडत नाही, आणि खेळला म्हणून पदवी पळून जात नाही.